उष्टा धोटा

१

दोघी बहिणी एका ताटात जेवतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. थोरली पन्नाशीची, धाकटीची चाळिशी उलटलेली, तरी दुपारी मागांची खटखट थांबली की दोघी मधल्या खोलीत एकच ताट मांडून समोरासमोर बसत. कोणी विचारलंच तर थोरली सांगे, भांडी कमी घासावी लागतात. खरं कारण वेगळं होतं. धाकटीला साऱ्या जगाच्या उष्ट्याची किळस होती, एक थोरली सोडून.

लहानपणी कोणी गोळी वाटून खायला दिली, की ही ती फ्रॉकच्या टोकात गुंडाळून वरून दात मारायची. म्हणजे चिमणीच्या दातांनी तोडलेली, उष्टी नाही. त्यावरून तिचं नाव चिमणी पडलं ते कायमचं. आईलासुद्धा ती आपल्या पेल्याला तोंड लावू देत नसे. थोरलीनं मात्र अर्धा चावलेला पेरू पुढे केला तर मुकाट्यानं खायची आणि वर म्हणायची, "ताईचं उष्टं नसतं." पुढे थोरलीचं लग्न झालं, मोडलं, आणि ती एक ट्रंक घेऊन परत आली, तेव्हा घरात कोणाला काय बोलावं सुचेना. चिमणीनं आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं. त्या दिवसापासून थोरलीच्या मनानं घेतलं होतं, की हे एक माणूस आपलं आहे, बाकीचे राहोत नाहीतर जावोत.

दोघींनी मिळून हातमागाचा धंदा उभा केला. मागच्या अंगणात चिमणी सूत रंगवायची आणि शेजारच्या रंगाच्या खोलीत वाळत घालायची. शेंदरी, मोरपंखी, जांभळा, लिंबासारखा पिवळा, असे रंग तिच्या हातून उतरायचे, की दुकानदार पांघरुणं उलगडून नुसते बघत राहायचे. पुढच्या खोलीत दोन माग. साधं कापड चिमणी विणायची, पट्ट्यांचं थोरली. पट्ट्यांच्या कामात रंग सारखा बदलतो. रंग बदलला की धोट्यात, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घालायची आणि तिच्यावरच्या सुताचं टोक धोट्याच्या कुशीतल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. चिमणी त्यासाठी तारेचा आकडा वापरायची. थोरली जुन्या वळणाची. ती भोकाला ओठ लावून एक श्वास आत ओढायची, की टोक थेट जिभेवर. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. संध्याकाळी चूळ भरली की मोरीत रंगीत पाणी जायचं.

"ताई, तुझ्या पोटात एव्हाना एक पांघरूण तयार झालं असेल," चिमणी म्हणायची.

"थंडीत बरं पडेल," थोरली म्हणायची.

२

थोरलीचा धोटा फरशीवर पडून टोकाला चिरला, आणि सुतारानं "दोन आठवडे तरी लागतील" असं सांगितलं, तेव्हा एका नव्या दुकानाचं मोठं काम हातात होतं. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांची सून एक खोका घेऊन आली. मास्तर म्हणजे जुने विणकर, वर्षापूर्वी वारलेले. घरात आता कोणी विणत नव्हतं. खोक्यात फण्या होत्या, रिकाम्या कांड्या होत्या आणि तळाशी फडक्यात घट्ट गुंडाळलेला एक धोटा होता.

विणकरांमध्ये एक रीत आहे. माग उसना घ्यावा, फणी उसनी घ्यावी, पण दुसऱ्याच्या धोट्याला तोंड लावू नये. घ्यायचाच झाला तर सुताराकडून जुनं भोक बुजवून घ्यायचं आणि शेजारी नवं पाडायचं. थोरलीला हे चांगलं माहीत होतं. पण तो धोटा हातात घेतल्यावर तिचा जीव त्यावर जडला. लाकूड काळंभोर, वजन तळहाताला सुखावणारं, आणि भोक तर वर्षानुवर्षं ओठ लागून काठाला इतकं गुळगुळीत झालेलं, की सूत त्यातून लोण्यासारखं येईल. नवं भोक पाडलं की ही गोडी गेली. तिनं धोटा उकळत्या पाण्यात बुडवला, साबणानं घासला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि शुद्ध झाला असं स्वतःला सांगितलं.

चिमणीनं विचारलंच. "भोक बदलून घेतलंस ना गं?"

"घेतलं की. तेवढ्याला सुताराला कितीसा वेळ."

एवढीशी थाप. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

३

पहिले आठ-दहा दिवस काम असं पळालं, की थोरली मागावर बसल्या बसल्या गुणगुणायला लागली. मग एका सकाळी तिनं मागावरचा धोटा उचलला आणि तिचा अंगठा ओला झाला.

भोकाभोवती ओल होती, इतर कुठे नाही. तिनं पदरानं पुसलं आणि वर पाहिलं. छत कोरडं होतं. दव पडलं म्हणावं तर खिडकी बंद. लाकडाला तेल सुटतं कधीकधी, हे तिला पटण्यासारखं होतं, म्हणून तिनं ते पटवून घेतलं. फक्त तेल बोटावर चिकट राहतं आणि हे थोड्या वेळात वाळून पांढरट झालं. तिनं बोट नाकाशी नेलं. झोपेतून उठल्यावर न धुतलेल्या तोंडाला येतो तो वास होता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. मग दिवसाढवळ्यासुद्धा व्हायला लागलं. ती पाणी प्यायला उठायची, परत यायची, तर भोक ओलं. एकदा तर नवी कांडी घालून ती दाराशी आलेल्या माणसाशी बोलायला गेली आणि आली तेव्हा सुताचं टोक भोकातून बाहेर आलेलं होतं. चांगलं वीतभर, ओलं, आणि शेवटाला चावून चपटं झालेलं.

"चिमणे, माझा धोटा तू भरलास का गं?"

"मी कशाला भरू? माझं मला थोडं आहे?"

"नाही, टोक काढून ठेवलंय कोणीतरी."

"तोंडानं?" चिमणीनं माग थांबवला. "मी? ताई, बरी आहेस ना? नुसतं ऐकून मला कसंतरी व्हायला लागलं."

थोरली हसली आणि विषय तिथेच सोडला. चावलेलं टोक तिनं कात्रीनं कापून टाकलं. पुढचं सूत ओढायला मात्र तिनं तोंडच लावलं. पन्नास वर्षांच्या बाईची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. जिभेवर सूत आलं आणि सुताबरोबर चवही आली. रंगाची चव तिला झोपेत ओळखता आली असती. ही रंगाची नव्हती. कोमट होती, जरा गोडसर, किडलेल्या दाढेच्या खाचेत अडकून राहिलेल्या अन्नासारखी. तिनं खिडकीतून बाहेर थुंकलं, चूळ भरली, पुन्हा थुंकलं. दुपारी जेवताना तिनं अर्धी खाल्लेली भाजी चिमणीनं नेहमीसारखी बोटानं आपल्या बाजूला ओढून घेतली, आणि थोरलीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

४

उंदीर असेल, असं तिनं ठरवलं. उंदीर चाटतात, कुरतडतात. कोरड्या दिवसांत ओल मिळावी म्हणून लाकूडही चघळत असतील, कोणी सांगावं. अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या बोटाला लावतात ते कडूजहर औषध तिनं आणलं आणि जेवायला उठण्यापूर्वी भोकाभोवती जाड थर लावला. पुढच्या खोलीची खिडकी लावली, बाहेरचं दार लावलं. मधलं दार उघडं ठेवून ती अशी बसली, की माग समोर दिसावा.

त्या दिवशी ताटात भात होता, वर हिरवा पाला घातलेली पातळ भाजी. चिमणी कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत होती आणि थोरली हं हं करत पुढच्या खोलीकडे बघत होती. माग जागच्या जागी होता. ताणलेल्या सुतावर धोटा आडवा पडलेला, दोन हातांवर उजेडात. काही हललं नाही, कोणी आलं नाही. ऐकू आलं ते चिमणीचं बोलणं आणि दोघींचं जेवणं. मध्ये एकदा थोरलीला वाटलं, की मचमच जरा जास्त होतेय. ती चावायची थांबली. चिमणीनं घास गिळला. दोघींचीही तोंडं थांबलेली होती, तरी क्षणभर ती मचमच चालूच राहिली आणि मग बंद झाली.

"काय झालं?" चिमणीनं विचारलं.

"काही नाही. खडा लागला."

हात धुऊन ती मागाजवळ गेली. औषधाचा थर साफ झाला होता, लाकडाचा रंग दिसण्याइतका. आणि भोकाच्या तोंडाशी पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. तिनं सुईनं ते काढलं. भाताचं शीत होतं. अर्धवट चावलेलं, लाळेत भिजलेलं, बाजूला हिरव्या पाल्याचा एक कण लागलेला. त्यांच्याच ताटातलं होतं ते. थोरली मोरीपर्यंत पोचू शकली नाही. दारातच ओकली.

"म्हटलं नव्हतं, भाजी जरा उतरल्यासारखी लागतेय म्हणून," चिमणी तिची पाठ चोळत म्हणाली. थोरलीनं ती सुई मुठीत लपवून धरली होती.

५

मास्तरांची सून अंगणात कपडे वाळत घालत होती. थोरलीनं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर धोट्याचा विषय काढला.

"वहिनी, मास्तर सूत तोंडानं ओढायचे का हो?"

"छे. आकडा असायचा त्यांचा, कानावर खोचलेला. का?"

"तुम्ही दिलेल्या धोट्याचं भोक फार झिजलेलं आहे."

सुनेचे हात थांबले. "तो काळा? तो खोक्यात गेला होय! तो त्यांचा नव्हता, ताई. त्यांनाही कोणाकडून आलेला. एक हंगाम वापरला म्हणे, तेवढा तोंडानं, मग गुंडाळून ठेवला. कोरडा राहत नाही म्हणायचे."

"मग टाकून का नाही दिला?"

"कोण जाणे. म्हातारा माणूस." तिनं ओला टॉवेल झटकला. "तसे ते विचित्रच होते. माझं लग्न होऊन मी आले तेव्हापासून बघते, कधी कोणाबरोबर जेवले नाहीत. सासूबाईंना फार लागायचं ते. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं, की नवऱ्याला आपली किळस येते. ते दार लावून एकटेच जेवायचे. पेला वेगळा, ताट वेगळं. सासूबाईंनी कधी त्यांचं ताट घासायला घेतलं, तर हिसकावून घ्यायचे. आम्ही म्हणायचो, स्वभाव."

थोरली परत निघाली. तिला चालताना सारखं गिळावंसं वाटत होतं आणि गिळवत नव्हतं. तोंडात लाळ साचत होती. ती आपलीच आहे की नाही, हे तिला कळेना. गल्लीच्या वळणावर ती थुंकली. तीन आठवडे तिनं तो धोटा चोखला होता आणि तीन आठवडे चिमणी तिच्या ताटात, तिच्या हातचं, तिच्या तोंडचं खात होती. ज्या मुलीनं आईलाही आपल्या पेल्याला तोंड लावू दिलं नाही तिला आपण काय काय चारलं, या विचारानं थोरलीला स्वतःचीच शिसारी आली.

६

तिनं मनात पक्कं केलं, की घरी जायचं आणि सरळ तो धोटा चुलीत घालायचा. रंगाच्या हंड्याखालची चूल पेटलेलीच असते. पण घरी पांघरुणांचं मोठं काम दिलेली दुकानवाली बाई येऊन बसलेली होती. शेवटचं पांघरूण किती बाकी आहे ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. थोरली मागावर बसली. हात चालायला लागले, पाय चालायला लागले. बाई बोलत होती, चिमणी हसत होती. पिवळी पट्टी संपली, जांभळी लावायची वेळ आली. हातानं कांडी बदलली. धोटा तोंडाशी गेला. थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत तिचे ओठ भोकाला टेकलेले होते आणि श्वास आत ओढला गेला होता.

सूत आलं नाही. पलीकडून कोणीतरी ते ओढून धरलं होतं.

मग पलीकडून चोखलं गेलं. हलकेच, सवयीनं, ती चोखायची तसंच. तिचे ओठ भोकात ओढले गेले आणि जिभेच्या टोकाला दुसरं एक टोक लागलं. मऊ, कोमट, खरखरीत. ते क्षणभर टेकून राहिलं. ओळख पटावी तसं.

ती ओरडली नाही. तोंड मोकळं नव्हतं. तिनं मान मागे झटकली तेव्हा भोकापासून तिच्या ओठापर्यंत लाळेची तार लोंबत आली आणि तुटून पिवळ्या पट्टीवर पडली. दुकानवाली म्हणाली, "शी," आणि मग ओशाळून दुसरीकडे बघायला लागली. थोरली उठली, अंगणात गेली, धोटा चुलीत घातला. जुनं वाळलेलं लाकूड, भरकन पेटायला हवं होतं. पेटायला अर्धा तास लागला, आणि तोवर भोकातून पांढरा फेस येत राहिला, निखाऱ्यावर पडून चुरचुरत राहिला. राख होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग तिनं मूठभर मीठ तोंडात कोंबलं आणि हिरड्यांतून रक्त येईपर्यंत बोटानं घासलं.

"अगं, चांगला धोटा होता!" चिमणी दारातून म्हणाली.

"चिरला होता," थोरली म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणीनं ताट मांडलं. थोरलीनं दोन घास खाल्ले. तिसरा अर्धा चावून खाली ठेवला, आणि चिमणीनं तो उचलायला हात पुढे केला. थोरलीनं त्या हातावर चापट मारली. जोरात मारली.

चिमणीनं हात मागे घेतला.

खरं सांगून टाकावं, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे भोकाचंही सांगायचं. थाप मारली तेही सांगायचं, आणि तीन आठवडे तू कोणाचं उष्टं खात होतीस तेही. चिमणी हे ऐकून आयुष्यात पुन्हा तिच्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नसती. न सांगता एका ताटात जेवत राहावं, तर तोंडात आता काय आहे कोणाला माहीत. मास्तर आयुष्यभर दार लावून एकटे का जेवले, ते तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"आपण आता वेगवेगळं जेवू," ती म्हणाली.

"का?"

"मला किळस येते."

"कशाची?"

"तुझी. तू चावतेस, बोटं चाटतेस, माझ्यातलं ओढून घेतेस. कधीपासून येते. बोलले नव्हते इतकंच."

चिमणीचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याच्यावरचं सगळं पुसून गेल्यासारखा कोरा झाला. ती उठली, फळीवरून दुसरं ताट काढलं, आपल्यापुरतं वाढून घेतलं आणि रंगाच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. थोरली उरलेलं अन्न समोर घेऊन बसली. तिला हमसून रडू आलं, पण त्या रडण्यात समाधानही होतं. पोरगी सुटली, असं तिला वाटलं.

८

आठ दिवस गेले. थोरलीनं आपलं ताट, पेला, चमचा सगळं वेगळं केलं. सुताराकडून परत आलेल्या आपल्या धोट्यातून आकड्यानं सूत काढायला शिकली. तोंडातली ती चव हळूहळू कमी होत गेली आणि एका दुपारी तिला जाणवलं, की ती पूर्ण गेली आहे. लाळ आपली होती. भात भातासारखा लागला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आता चिमणीला बोलावता येईल, हात जोडून माफी मागता येईल. काहीतरी कारण सांगू, तब्येत बरी नव्हती म्हणू, डोकं फिरलं होतं म्हणू. ती उठली आणि रंगाच्या खोलीपाशी गेली.

आतून जेवणाचा आवाज येत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ते ढकलायला हात लावला आणि तशीच उभी राहिली. आत चावण्याची मचमच चालू होती. तिच्यापासून थोडं अंतर ठेवून दुसरी मचमच होती, सावकाश आणि ओली.

फटीतून तिला चिमणीची पाठ दिसली. वर दांडीवर शेंदरी, जांभळ्या, पिवळ्या सुताच्या ओल्या लडी लोंबत होत्या आणि त्यांच्याखाली चिमणी मांडी घालून बसली होती. समोर एकच ताट होतं. तिच्यापुढे कोणी नव्हतं, भिंतीपर्यंत मोकळी फरशी होती. चिमणीनं एक घास कालवला, बोटांत नीट धरला आणि समोर धरला, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. हात तसाच थांबला. मग तिनं तो मागे घेतला. घास अर्धा झालेला होता. तिच्या बोटांवरून काहीतरी ओघळून मनगटापर्यंत आलं. उरलेला अर्धा तिनं स्वतःच्या तोंडात घातला, बोटं एकेक करून चाटली आणि चावायला लागली.

"चिमणे," थोरली दारातून म्हणाली. "अगं, टाक ते. थुंक."

चिमणीनं वळून पाहिलं नाही. सावकाश चावून घास संपवला.

"तुला किळस येते माझी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सगळ्यांनाच येते असं नाही, ताई."

आणि तिनं ताट जरा पुढे सरकवलं, समोरच्याचा हात पोचेल असं.